बिनधुराचं स्थळ

मला बघायला तो आमच्या गावी, सावलीला, आला, त्याआधी त्याच्या गाडीचा आवाज आला. चंद्रपूरच्या एका कंत्राटदाराचा एकुलता मुलगा. गाडी जुनी, जपानी, रोटरी इंजिनाची, पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून उचललेली. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं, तेव्हा चूक रस्त्याची असल्यासारखं त्यानं तोंड केलं. उभी राहिली तरी ती जागच्या जागी भकभकत होती. इंजिनाचे पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटा, कोरून मोठे केलेत म्हणून असा आवाज येतो, हे त्यानं चहा यायच्या आत दोनदा सांगितलं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मग इतिहास सुरू झाला. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही म्हणे, तिकोनी रोटर गोल फिरतो. डोकं एका जर्मनाचं, पण ते धड चालवून दाखवलं जपान्यांनी. सुरुवातीला रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या, त्या ओरखड्यांना तिथले लोक सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. हे सगळं माझ्या बाबांना. मी मेकॅनिकलची इंजिनियर, कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात मेंटेनन्स बघते, हे बायोडाटात लिहिलेलं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलं ते फक्त पोह्यांची बशी घेताना.

आमच्याकडे इंजिनाची परीक्षा धुरावर. माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, बैलाचे दात बघावेत तसा ट्रॅक्टरचा धूर बघतात. निळा दिसला की इंजिन तेल पितं, सौदा मोडला. ते उठले, गाडीमागे उकिडवे बसले, सायलेन्सरमध्ये बोट घालून सगळ्यांना दाखवलं. धूर नाही, बोटही कोरडं. त्यांच्या लेखी मुलगा पास झाला. बाबांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांचा राग आला आणि दयाही. तिशी गाठलेल्या मुलीचे बाप ते.

मी मात्र चमकले. रोटरच्या त्या पट्ट्यांना तेल लागतंच. थोडं जळणार, थोडा धूर येणारच. आम्हाला दोघांना बोलायला अंगणात पाठवलं, तेव्हा मी विचारलं, तेलाचा पंप कुठे आहे? काढला, म्हणाला. मग पेट्रोलात तेल मिसळता का? तो लहान पोरीला समजावावं तसा हसला.

“तेल टाकलं का धूर दिसते. तुमच्या लोकायले धूर नाई चालत, मले मालूम आहे. सोयरिक होईस्तोवर चाललं म्हणजे झालं. मंग इंजिन गेलं त गेलं.”

ज्या वस्तूची एवढी टिमकी वाजवली, तिलाच हा माणूस आतून जाळत होता, चार म्हाताऱ्यांपुढे स्वच्छ दिसावी म्हणून. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला त्याची किळस आली.

बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. होकार कळवू ना, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मला गाडीत काही खोट दिसली.

“गाडी चांगली आहे, बाबा. धूर दिसू नये म्हणून त्यानं तिचं तेल तोडलं. उद्या मी रडली, त हा माहं काय तोडन?”

बाहेर मोठेबाबा साखरपुड्याची गोष्ट काढत होते. बाबा बैठकीत गेले, पाहुण्यांपुढे हात जोडले. वयाची, नोकरीची, कसलीच सबब त्यांनी पुढे केली नाही.

“माही पोरगी नाई म्हणते,” एवढंच म्हणाले.