एका घरच्या चार नळ्या

"मॅडम, यात काहीतरी घोळ आहे," म्हणत लॅबच्या सुजाताने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवले. चारही पॉझिटिव्ह. चारही टाइप सोळा. आणि चारही कबनूरच्या एकाच घरातल्या जावांचे.

टाइप सोळा म्हणजे एचपीव्ही विषाणूचा सगळ्यात द्वाड प्रकार. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांच्या अंगातून आपसूक जातो. काहींच्या जात नाही. तिथंच मुक्काम ठोकतो आणि काही वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. वेळेत कळलं तर तेवढा खराब भाग जाळून टाकायचा, बाई त्याच दिवशी घरी. म्हणून तर तपासणी शिबिरात आम्ही बायकांना ब्रश देतो. आडोशाला जायचं, स्वतःच नमुना घ्यायचा, ब्रश नळीत टाकायचा. एवढं सोपं!

चारही जावांना एकदम तोच टाइप? टेस्ट पुन्हा लावली. तेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चारही नमुने एकाच बाईचे होते. पण कुणाचे?

कबनूर गाठलं. घरामागे यंत्रमाग खडखडत होते.

"माग जरा थांबवता का?"

"आन् आर्डर काय तुमी पुरी करणार व्हय?" सासूने विचारलं.

झालं! जे कानात विचारायचं, ते मला बोंबलून विचारावं लागलं. चौघी जावा समोरच होत्या. थोरली शालन तेवढी म्हणाली, "च्या घ्या की मॅडम."

मी म्हटलं, "नमुना कुणी दिला ते सांगूच नका. चौघी दवाखान्यात या, चौघींना तपासते. विषय संपला."

"चौघी मिळून गेल्या तर गल्ली काय म्हणंल?" सासू कडाडली. "थोरलीच्या पोरीची सोयरीक जुळलीया. लगीन हुईस्तोवर कोण हलायची न्हाय."

मी समजावलं, चिडले, शेवटी हातही जोडले. नंतर फोन केले, नर्सला पाठवलं. कुणी आलं नाही. लग्नाची पत्रिका मात्र आली.

लग्नानंतर बऱ्याच महिन्यांनी शालन आली. अंगावरून सारखं रक्त जात होतं. तपासलं, तर कॅन्सर पुढे गेलेला. आता जाळून भागणार नव्हतं. रेडिएशन, आणि त्याचीही खात्री देता येत नव्हती.

"चौघींचं मीच दिलतं," ती म्हणाली. "त्या लाजत हुत्या. म्हटलं एका चुलीवर जेवतोय, येगळं काय निघणार?"

"मग मी आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"आईचं असलं काय कळल्यावर पोरीला कोण करून घेतली असती, मॅडम?"

मला तिच्यासमोर रडू आलं. रागानेच आलं. पण राग काढणार कुणावर?

आता शिबिरात आमची नर्स आडोशाच्या दारात उभी असते. एका वेळी एकच बाई आत, हातात एकच ब्रश.

बाकी तिघींचे नमुने नव्याने घेतले. तिन्ही निगेटिव्ह. ते सांगायला पुन्हा कबनूरला गेले, तेव्हा शालन रेडिएशनला गेली होती. सासूने रिपोर्ट हातात घेतले, सुनांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "बघा, मी म्हणत न्हवतो? आमच्या घरात कुणाला काय न्हाय."