सर्जेरावची वर्दी

सर्जेराव जगदाळेची आणि माझी ओळख झाली ती मी त्याला नावं ठेवली म्हणून. पासच्या, म्हणजे परदेशी माणसाला लागणाऱ्या कामाच्या परवान्याच्या, कामासाठी मी सिंगापुरातल्या एका सरकारी कार्यालयाबाहेर रांगेत उभा होतो. दारावरचा उंच, सावळा ऑक्झिलरी पोलीस वेळेआधी कोणालाही आत सोडत नव्हता. इथे कार्यालयं, समारंभ सांभाळायला असे पोलीस असतात. वर्दी पोलिसाची, नोकरी कंपनीची. मी फोनवर अनघाला, माझ्या बायकोला, म्हणालो, "इथे एक ठोंब्या उभा केलाय, हलतच नाही." माझा नंबर आला तेव्हा त्याने कागद पाहिले, दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "जावा साहेब. आन् ठोंब्या कळतं मला. कराडकडचा हाय मी."

मी ओशाळलो. नंबर मागून घेतला आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला सेम्बावांगला घरी जेवायला बोलावलं. मग तो येतच राहिला. दुसऱ्या भेटीत मी त्याला 'अरे सर्जेराव' म्हणू लागलो. तो मात्र शेवटपर्यंत 'साहेब' आणि 'वहिनी'वरच राहिला.

गावाकडे पोलीस भरतीत तो दोनदा धावण्यात थोडक्यात हुकला होता. त्यामुळे इथे मिळालेल्या वर्दीला तो फार जपायचा. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये सहाजण राहत. बाकीच्यांचे कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळत, याची वर्दी आत, पंख्याखाली. का, विचारलं तर म्हणाला, "लोकांच्या चड्ड्यांच्या रांगेत कशी घालायची, साहेब? वर्दी आपली नसती. नावाची पट्टी तेवढी आपली." वर्दीत तो एमआरटीत, इथल्या मेट्रोत, रिकाम्या सीटवरही बसत नसे. माझी मुलगी इरा त्याच्यापुढे मोबाइल गुपचूप बाजूला ठेवायची. "सर्जेराव अंकल सो स्ट्रिक्ट, लाह," अशी तिची सिंगापुरी थाटातली तक्रार असे, पण तो यायचा असला की दार उघडायला तीच धावायची.

त्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा सचिव होतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. आदल्या वर्षी जेवणाच्या रांगेत ढकलाढकली झाली होती आणि त्यावरून मी बरंच ऐकून घेतलं होतं. मी सर्जेरावला म्हटलं, "शनिवारी दारावर उभा राहशील? वर्दीत ये."

तो जेवता जेवता थांबला. "ते न्हाई जमायचं, साहेब. ड्युटी नसताना वर्दी घालून कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई, हे पहिल्या दिवशीच शिकवलंय. साध्या कपड्यात सांगा, सकाळधरनं उभा ऱ्हातो."

मी म्हणालो, "साध्या कपड्यात तुला कोण विचारणार?"

अनघाने माझ्याकडे पाहिलं. सर्जेरावने ताटातला भात संपवला, ताट स्वतः उचलून ठेवलं आणि म्हणाला, "बरं. येतो."

तो आला. इस्त्री केलेल्या वर्दीत पाच तास ताठ उभा राहिला. रांग अशी सरळ की पाहुण्यांनी व्यासपीठावरून कौतुक केलं. ते मी स्वीकारलं. लोकांनी 'आपला मराठी पोलीस' म्हणत त्याच्याबरोबर फोटो काढले. त्याला जेवायला बोलावलं तर म्हणाला, "वर्दीत न्हाई जेवत." त्याच्यासाठी डबा भरायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

त्यातलाच एक फोटो कुणीतरी इंटरनेटवर टाकला. आठवड्याभरात सर्जेरावच्या कंपनीतून मला फोन आला. मी वन-नॉर्थच्या ऑफिसात होतो. पलीकडची बाई सभ्यपणे विचारत होती, तुमच्या मंडळाने याला वर्दीत बोलावलं होतं का? माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज तेव्हा निर्णयाची वाट पाहत होता. मी म्हणालो, "नाही. तो मदतीला आला होता. वर्दीचं आम्ही काही बोललो नव्हतो." तिने ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी "बरोबर" म्हणालो. मग मीटिंगला गेलो.

सर्जेरावची नोकरी गेली. नोकरीबरोबर पासही गेला. जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला घरी आला, इरासाठी रंगपेटी घेऊन. मी विचारलं, "चौकशीत काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझी हौस. कुणी सांगितलं न्हवतं."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा तेच वाटलं. कंपनीच्या फोनचं मी अनघाला सांगितलं होतं. तो गेल्यावर ती म्हणाली, "अजून वेळ आहे. त्या बाईंना फोन करून खरं सांग." मी म्हणालो, "आता काय उपयोग?" तिने त्याचा चहाचा कप उचलला आणि विसळायला नेला.

अर्ज मंजूर झाल्यावर काही महिन्यांनी मी धीर करून त्याला फोन लावला. तो गावाजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर लागला होता. मी चाचरत म्हणालो, "सर्जेराव, तुला एक सांगायचंय. तुझ्या कंपनीचा मला फोन आला होता तेव्हा मी..."

"म्हाईत हाय, साहेब," तो म्हणाला. "मला विचारायच्या आधी त्यांनी तुमचंच वाचून दाखवलं. म्हटलं, साहेब आसं म्हणालेत तर आपण येगळं कशाला बोला? तुमची पोरगी तिथं शाळंत हाय."

म्हणजे रंगपेटी घेऊन तो आमच्या दारात आला, माझ्यासमोर बसून चहा प्याला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो. तेवढ्यात पलीकडे कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न वाजला.

"गाडी आलीय, गेट उघडतो," तो म्हणाला. "वहिनींना नमस्कार सांगा."

मी तो नमस्कार अनघाला अजून सांगितलेला नाही. सांगायचा तर बाकीचंही सांगावं लागेल.