मायनरच्या मुलीचं वेगळं उत्तर

शर्मिष्ठाने स्वतःच्या उत्तरावर रेघ मारायला पेन टेकवलं, तेव्हा मी तिच्या टेबलाशेजारीच उभी होते. तिचं उत्तर बरोबर होतं. पण प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती आणि मी परीक्षक. तोंड उघडायची सोय नव्हती.

नवऱ्याच्या बँकेने कोलकात्याला बदली केली, तेव्हापासून मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. शर्मिष्ठाचं मेजर, म्हणजे मुख्य विषय, केमिस्ट्री. फिजिक्स तिचं मायनर, म्हणजे जोडीचा विषय. मायनरच्या मुलांना आमच्याकडे सावत्र वागणूक. मेजरवाल्यांचं आटोपलं की उरलेल्या वेळात लॅब यांची. त्यामुळे मुलंही शहाणी झालेली. सीनियर्सकडून उत्तर घ्यायचं आणि उलटा हिशोब करून रीडिंग बनवायची. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही.

प्रयोग साधा होता. काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, वर पिवळा दिवा. मायक्रोस्कोपमधून गोल कडी दिसतात. ती मोजून भिंगाच्या गोलाईची त्रिज्या काढायची. वर्षानुवर्षं उत्तर यायचं शंभर सेंटिमीटरच्या आसपास. पण जुन्या भिंगावर चरे पडले होते म्हणून त्याच आठवड्यात सगळ्या टेबलांवर नवी भिंगं बसवली होती. त्यांचं उत्तर दीडशेच्या आसपास.

शर्मिष्ठाचं आलं एकशे अठ्ठेचाळीस. बाकी अख्ख्या बॅचचं शंभर. ती आजूबाजूला बघून घामाघूम झाली होती. यात नापास झाली असती तर मायनर गेलं असतं आणि तिला मटेरियल सायन्सच्या एमएस्सीला अर्जच करता आला नसता.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून हावड्याहून घोषसर आले होते. मी त्यांच्या कानावर नव्या भिंगाचं घातलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "सर, हिची व्हायवा आत्ताच घ्या. टेबलावरच."

सर आले. "तुझं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं का?"

"मी चुकले असेन, सर. मी मायनरची आहे ना."

हे तिला आम्हीच शिकवलं होतं.

"ते मी विचारलं नाही," सर म्हणाले. "माझ्यासमोर परत मोज."

तिने मोजलं. उत्तर जवळपास तेच. तिने आकडा पुन्हा तपासला. मग हळूच म्हणाली, "सर, हेच येतंय. मी हेच ठेवते."

"ठेव," सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. "आता तू मोज."

त्या मुलाला कडी सापडेनात. तिसऱ्याने तर दिवाच लावला नव्हता.

आमचे हेड, तपनदा, धावत आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "छेडे दिन, मीनलदी. सोडून द्या. मायनरची पोरं आहेत, त्यांना कुठे फिजिसिस्ट व्हायचंय?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग त्यांना शिकवायचा पगार तरी कशाला घेतो आपण?"

तपनदा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण घोषसर हटले नाहीत. बाकी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी परत बसवलं. बहुतेक जण रडतखडत पास झाले, दोघं राहिले. त्यांच्या पालकांनी माझ्या नावाने तक्रारही केली. शर्मिष्ठा पहिली आली. सध्या ती एमएस्सी करते आहे.

आता दर परीक्षेच्या सकाळी मी भिंगं बदलते, मेजरवाल्यांचीसुद्धा. पहिल्याच वर्षी मेजरच्या निम्म्या वर्गाने न मोजता तेच जुनं शंभर लिहिलं.