टाकीतली रिकामी जागा

आमच्या मोठेबाबांनी आयुष्यात एकही गाडी चालवली नाही, आणि मानोरा तालुक्यातली एकही गाडी त्यांच्या परवानगीवाचून थंड झाली नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले. ड्रायव्हर नव्हे, मेकॅनिक नव्हे, कंडक्टर. चढावर गाडी उकळली की ड्रायव्हर बोनेटखाली डोकं घालून सुटतो आणि साऱ्या शिव्या तिकीट फाडणाऱ्याला बसतात. त्या शिव्या खाऊन खाऊन या माणसाला इंजिनाच्या तापाचं वेड लागलं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या बोनेटला ते हाताची पालथी बाजू लावून बघतात, आई लेकराचं कपाळ बघते तशी. मालक ओळखीचा असण्याची अट नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची गाडी मांडवापुढे आली, बँड वाजतोय, मोठीआई फुलं घेऊन उभी, आणि मुलीचे वडील नवरदेवाला ओलांडून थेट बोनेटकडे. व्याह्यांना त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाणी दोन खुणांच्या मंधात हाय का?" ही आमच्याकडची काही रीत असेल असं समजून व्याह्यांनी गंभीरपणे "हो" म्हटलं.

मोठेबाबांचं सगळं तत्त्वज्ञान इंजिनाशेजारच्या प्लास्टिकच्या टाकीत मावतं. तिला ते 'एक्सपान्शन टाकी' असं पूर्ण नावाने, मानाने म्हणतात. त्या टाकीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात, आणि वरच्या खुणेच्या वर जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. ती रिकामी जागा हे मोठेबाबांचं दैवत. त्यापायी आमच्या घरी चहासुद्धा कपात दोन बोटं कमी येतो. पाहुण्यांना वाटतं, हे लोक चिक्कू. मोठीआई कपाळाला हात लावते. मोठेबाबा मात्र पाहुण्यांना शांतपणे समजावतात की गरम वस्तूला फुगायला जागा लागते. कपाला झाकण नसतं, चहा फुगून जाणार कुठे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तू फार शिकली." मनगटावर त्यांच्या एक जुना भाजल्याचा डाग आहे. त्याची गोष्ट ते दर वेळी वेगळी सांगतात. कधी त्यात दारव्ह्याचा रस्ता असतो, कधी कारंज्याचा, पण तात्पर्य एकच: गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. आमच्या भागातल्या तांड्यांनी आणि वस्त्यांनी वर्गणी काढून एक जुनी मिनीबस घेतली होती. कशासाठी, तर मुलींना मानोऱ्याच्या कॉलेजात जाता यावं म्हणून. गाडी चालवायचे कारंज्याचे सलीमभाई, आणि कारभार बघायची एक कमिटी. पोरींचा त्या गाडीवर इतका जीव की त्यांनी एक रिवाज पाडला होता. सकाळी चढण्याआधी प्रत्येकीने आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी त्या टाकीत ओतायचं. आपण पितो तर आपल्या गाडीनेही प्यावं! पाणी दुरून डोक्यावर आणणाऱ्या घरच्या पोरी त्या. घोट म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आणि तीच गाडी उन्हाळा लागताच मधल्या चढावर रोज उकळायला लागली. रोज त्याच जागी, पळसाच्या झाडाखाली. इतकं पाणी तिथे सांडलं की सगळी टेकडी करपलेली असताना त्या पळसाखाली हिरवंगार गवत आलं. पोरी टळटळीत उन्हात रस्त्यावर उभ्या, लेक्चर बुडालेलं, आणि सलीमभाई पुठ्ठ्याने इंजिनाला वारा घालताहेत.

कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, विकून टाकू. कारंज्याचं गिऱ्हाईकही त्यांनी पाहून ठेवलं. मी चळवळीतली बाई, मी पत्रक काढलं. पोरांची मोटारसायकल बिघडली तर गॅरेजात जाते, पोरींची बस बिघडली तर बाजारात जाते, हा कुठला न्याय? हे वाक्य माझं आहे आणि मी ते आजही मागे घेणार नाही. गाडी गेली असती तर त्यातल्या निम्म्या पोरींची लग्नं त्याच उन्हाळ्यात लागली असती. हे भाऊसाहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, पोरींना तर होतंच. मी गावोगावी भिंतींवर पत्रकं चिकटवली आणि एक मोठेबाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, पान उलटून पाठही बघितली.

"भारी लिवलं," ते म्हणाले. "पण इंजिनाले वाचता येते का?"

मी भडकले. ते पायात चपला घालून निघाले.

गाडी भाऊसाहेबांच्या अंगणात उभी होती. गिऱ्हाईक चाकांवर लाथा मारून बघत होता, पोरी कुंपणाशी गप्प उभ्या. गाडी नुकतीच फेरीवरून आलेली, म्हणून मोठेबाबांनी बोनेटला पालथा हात लावला आणि खाटेवर बसून राहिले. सगळे ताटकळले. भाऊसाहेब म्हणाले, उघडा ना लवकर. मोठेबाबांनी मनगटावरचा डाग दाखवला आणि गोष्ट सुरू केली. या वेळी त्यात अनसिंगचा फाटा होता. गोष्ट संपली, इंजिन निवलं, तेव्हा कुठे उठले.

टाकी बघितली तर काठोकाठ भरलेली. सलीमभाई म्हणाले, "पाणी तो फुल है, बाबा, मग काहून उकळते?" मोठेबाबांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. टाकी तुडुंब आणि शेजारचा रेडिएटर तहानलेला! मग त्यांनी टाकीच्या झाकणावर नख फिरवलं. हवेसाठीच्या बारीक छिद्रात डांबर भरलेलं होतं, आणि रेडिएटरपासून येणारी नळी तारेने आवळून बांधलेली होती.

सलीमभाईंनी खाली मान घालून सांगितलं. पोरींच्या घोटांनी टाकी काठोकाठ भरायची आणि चढावर त्या छिद्रातून पाणी वाहून मातीत जायचं. लेकरांच्या तोंडचं पाणी मातीत जाताना त्यांना बघवलं नाही, म्हणून त्यांनी छिद्र बुजवलं. त्यानंतर नळीच निसटायला लागली, म्हणून ती तारेने बांधली.

"सलीम, तू गाडीचं नाक दाबून धरलं," मोठेबाबा म्हणाले, "अन् वरून म्हणून राह्यला, पळ."

आणि मग आमच्या कंडक्टरने भाषण केलं. मी सभा पुष्कळ गाजवल्या आहेत, पण असं कान देऊन ऐकणारं अंगण बघितलं नाही. पंप पाण्याला इंजिनाच्या पोटातून फिरवतो, पाणी तिथला ताप उचलतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन पंख्याच्या वाऱ्याने निवतं आणि पुन्हा आत जातं. तापलं की पाणी फुगतं. रेडिएटरचं झाकण त्याला कुकरच्या शिट्टीसारखं दाबून ठेवतं, म्हणून ते लवकर उकळत नाही. दाब फारच वाढला की झाकण थोडं पाणी टाकीत सोडतं, आणि इंजिन निवलं की तेच पाणी परत ओढून घेतं. जाणं-येणं सुरू राहिलं पाहिजे. टाकीत जागा नाही, हवेला वाट नाही, तर आलेलं पाणी बसणार कुठे? ते तारेने बांधलेल्या सांध्यातूनही वाट काढून रस्त्यावर जातं, आणि निवताना रेडिएटर पाण्याऐवजी हवा पितो. रोज थोडं कमी, रोज थोडं कमी. बाहेरून बघणाऱ्याला टाकी भरलेलीच दिसते.

गिऱ्हाईक म्हणाला, हे सगळं ठीक, पण चढेल का? मोठेबाबांनी नवं झाकण, नवी नळी आणि कूलंट मागवून घेतलं, रेडिएटर धुऊन काढला आणि जाहीर केलं की उद्या भर दुपारी, सगळ्या पोरी बसवून, भाऊसाहेब आणि गिऱ्हाईक दोघांनाही घेऊन गाडी चढ चढेल. नाही चढली तर तिथूनच कारंज्याला घेऊन जा. मी त्यांना बाजूला घेऊन सकाळची वेळ ठेवा म्हणून विनवलं.

"सकाळी कोनतीबी चढते," ते म्हणाले. "मंग हेच म्हनतीन, सावलीत जितले."

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. पोरी रिवाजाप्रमाणे बाटल्या घेऊन बोनेटपाशी आल्या. मोठेबाबा आडवे उभे राहिले. आजपासून टाकीत थेंब नाही, म्हणाले, तो घोट चढ संपला की स्वतः प्यायचा. शिवाय पुढची एक सीट त्यांनी रिकामी ठेवायला लावली. भाऊसाहेब म्हणाले, इथंही फुगायला जागा का? मोठेबाबा म्हणाले, एखादी पोरगी शेवटच्या वळणावर पळत येते, तिला उभं नेऊ नये. स्वतः ते दाराशी दांडी धरून उभे राहिले, इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून.

चढ लागला. काटा मधे आला. पळस दिसायला लागला तेव्हा पोरींचे वारा घालणारे हात थांबले. भाऊसाहेबांचा रुमालसुद्धा कपाळावरच थांबला. मी घोषणा देणारी बाई, मीही पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. पळस आला. सलीमभाईंचा पाय सवयीने सैल होऊ लागला तशी मोठेबाबांनी टपावर दोनदा थाप मारली, चल. गाडी त्या हिरव्या गवताला वळसा घालून वर गेली. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर पोरींनी एकदम बाटल्या उघडल्या आणि जे काही ओरडल्या, ते मी कुठल्याही मोर्चात ऐकलेलं नाही. कारंज्याच्या गिऱ्हाइकानेही एकीची बाटली मागून घोट घेतला. भाऊसाहेब म्हणाले, आम्ही कुठं विकत होतो, आम्ही तर नुसतं विचारत होतो. यावर मी पत्रक काढणार होते. मोठेबाबांनी काढू दिलं नाही. त्यालेबी थोडी जागा सोड, म्हणाले.

पळसाखालचं गवत महिनाभरात वाळून गेलं. आमच्या चळवळीचा इतका ठळक विजय मी दुसरा बघितला नाही.

आता मोठेबाबांचे गुडघे चालत नाहीत. ते ओट्यावर बसून असतात. सकाळी गाडी जाते तेव्हा सलीमभाई वेग कमी करून अंगठा आणि बोट यांच्यात थोडी फट ठेवून दाखवतात, म्हणजे टाकी ठीक आहे. मोठेबाबा तीच फट परत दाखवतात. परवा मी त्यांना सांगायला गेले की तुमच्या त्या रिकाम्या सीटवर आता रोज कुणीतरी बसतं. शेवटच्या तांड्यावरची पोरगी, बापाने वर्षभर घरी ठेवलेली. ती वळणावर पळत आली आणि जागा होती म्हणून बसली.

मोठेबाबांनी रस्त्याच्या वळणाकडे बघितलं. दोन बोटं कमी भरलेला कप त्यांच्या हातात निवत होता.

"मंग आता दुसरी एक रिकामी करा," म्हणाले.