दहा कोयते, वीस मनगटं

"हीट स्ट्रोक," बीडचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे उष्माघात. अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि मेंदू, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. आमच्या ऊसतोड टोळीतली सुनीता असंबद्ध बडबडत होती. अंग कोरडं, हात लावला तर चटका बसत होता.

"हिच्या हातातला पट्टा कुठाय?" तिच्या नवऱ्याच्या मनगटावरचा उष्णता मोजणारा पट्टा बघून डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "काढून ठेवला असंल तिनं."

ते खोटं होतं. आज सत्तरीत ते लिहून टाकतो.

मी वडवणीकडचा, ऊसतोडीचा मुकादम. गेल्या हंगामात आमची टोळी तलवाड्याच्या शिवारात होती. एका संस्थेच्या बाईंनी घड्याळासारखे पट्टे देऊ केले. ते नाडी आणि अंगाची उष्णता मोजतात, माणूस कोसळायच्या आधी थरथरून सांगतात. "तुमच्याकडे किती?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "दहा." आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता. चाळीस वर्षं मी तसंच मोजत आलो. दहा पट्टे आले, दहा नवऱ्यांनी बांधले. कुणालाच वावगं वाटलं नाही.

मार्चमधल्या त्या दुपारी सुनीताच्या नवऱ्याचा, दत्ताचा, पट्टा थरथरला. तो सावलीला बसला. त्याच्या वाटणीच्या मोळ्याही सुनीता डोक्यावरून ट्रककडे नेत राहिली. तिसऱ्या खेपेला पडली.

वाचणाऱ्यांनो, असं कुणी पडलं, बरळू लागलं, तर आधी सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि लगेच दवाखाना गाठा.

तीन दिवस आयसीयू. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्त साफ करेनाशी झाली की चढणारा आकडा, वाढतच होता. डायलिसिसची, मशीनवर रक्त शुद्ध करण्याची, तयारी झाली. दत्ता बाकावर बसून नुसता स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. माझं खोटं त्याला ठाऊक होतं, पण मुकादमाला खोटं कोण पाडणार?

चौथ्या दिवशी आकडा उतरला. "मशीन लागणार नाही," डॉक्टर म्हणाले.

गावाकडून भेटायला येणारी प्रत्येक बाई सुनीताला रागवायची, "पट्टा कशाला काढला गं?" ती मान खाली घालायची. शेवटी मी डॉक्टरांसमोर, संस्थेच्या बाईंसमोर खरं सांगितलं. तिला पट्टा दिलाच नव्हता.

सुनीता उठून बसली. "मला वाटलं, मीच कुठं टाकला. डोकं ठिकाणावर नव्हतं ना. मुकादम, चाळीस वर्षं मोजलं, पर अर्धीच माणसं मोजली तुमी."

या हंगामात वीस पट्टे आले. तिला उन्हात ओझं उचलायला डॉक्टरांची मनाई आहे. वीसही पट्ट्यांचे आकडे मोबाइलवर दिसतात, तो मोबाइल तिच्या हाती. परवा भर दुपारी तिने हाक दिली, "बसा समदे!" कोयते थांबले. मीही बसलो.

ट्रकवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले. "ओ मुकादम, गाडी कवा भरायची?"

"गाडीला काय घाम आलाय का?" सुनीता ओरडली. "ऱ्हाऊ दे उभी!"

शेवटी तोच इंजिन बंद करून सावलीला आला. "ताई, मलाबी एक पट्टा मिळंल का?"

"आधी पाणी प्या," ती म्हणाली, आणि एकविसावं नाव लिहून घेतलं.