नाक नसलेला जवाई

पट्ट्यावरून आलेली प्रत्येक बाटली अक्का आधी बूच उघडून नाकाशी धरायच्या. मग ती गोणीत तरी जायची, नाहीतर मागच्या निळ्या पिंपात. पिंपात टाकताना त्या एवढंच म्हणायच्या, "औषधनी शे."

औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं विष. आमची कचरा निवडायची शेड धुळ्याबाहेर, साक्री रस्त्याला; खेड्यांतलं भंगारही आमच्याकडेच येतं. फवारणी झाली की लोक बाटली धुतात, लेबल खरवडून काढतात, डिझेल-तेल ठेवायला वापरतात आणि कधीतरी टाकून देतात. दिसायला ती अगदी दुधाच्या बाटलीसारखी. अक्कांना फसवणं मात्र कठीण. माझा चहाचा कपही त्या हुंगायच्या आणि परत द्यायच्या. "दूध कालनं शे, भाऊ." मी शेडचा सुपरवायझर, पण तो चहा निमूट ओतून द्यायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे हुद्दा चालत नाही.

मग आमच्या कंत्राटदाराने रोबो आणला. पट्ट्यावर कॅमेरा आणि त्याच्याजवळ रबरी तोंडाचा हात. बाटली दिसली की झपकन उचलायचा, ठरल्या ढिगात टाकायचा. त्याला पंखा वेगळा, वरचा पत्रा नवा आणि त्याच्याशी मोठ्याने बोलायचीही कुणाची छाती नाही. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, जवाई. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मी मुळातला भित्रा. तो हात खाली आला की मी दोन पावलं मागे सरायचो, कधी बायकांच्या बोटांच्या काळजीने, कधी स्वतःच्या नोकरीच्या.

अक्काही घाबरल्या होत्या. त्यांचं कारण वेगळं होतं.

"भाऊ, त्याले डोया शेतस, नाक नही शे. औषधनी बाटली बी तो चांगलामा टाकस."

"शिकतोय तो अजून, अक्का." इंजिनिअरने मला हेच सांगितलं होतं.

"आन तो शिकी तवलगून कोन मरी?"

उन्हाळ्यात एकदा शेडवरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन फुटला. बायका तहानलेल्या. जवाईच्या चांगल्या ढिगात एक पांढराशुभ्र मोठा कॅन पडला होता. मी म्हणालो, "मशीनने चांगल्यात टाकलाय, घ्या की धुऊन, भरा त्यात पाणी." हे वाक्य माझंच. अजूनही ते कानात वाजतं.

अक्का त्या दिवशी उशिरा आल्या. आल्या आल्या कॅनचं तोंड हुंगलं आणि लाथेने तो आडवा केला.

"कोन पिनं?"

सगळ्यांनी एकाच बाजूला पाहिलं. पट्ट्यावरची सगळ्यांत हसरी बाई ओठ पुसत उभी होती. अक्कांनी धावत जाऊन रिक्षा थांबवली, तिला धरून आत बसवलं. मी मागून मोटरसायकलवर निघालो. दवाखान्यात दुपारभर तिला उलट्या होत होत्या. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, वाचली. तोवर अक्का तिच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसून होत्या.

"लिखी द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "जवाईनी चूक शे. तठे एक मानूस पाहिजे. माले उभं करा त्यानाजोडे."

मी हो म्हणालो. रात्रभर विचार केला. मशीनची चूक लिहिली तर तो कॅन घ्यायला कुणी सांगितलं, हे विचारलं जाणार. सकाळी मी कंत्राटदाराला द्यायच्या कागदावर लिहिलं, 'पाणी खराब निघाले.' अक्कांना वाचता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी वरून निरोप आला. मशीन चोख चाललं आहे, प्लॅस्टिकवरच्या दोन बायका कमी करा. बूच उघडण्यात वेळ घालवणाऱ्या अक्का सगळ्यांत सावकाश, म्हणून पहिलं नाव त्यांचं. मी यादीवर सही केली.

आता पट्टा थांबत नाही. पांढऱ्या बाटल्यांच्या गोण्या भरभर जातात. पुढे त्यांचं काय बनतं, मला ठाऊक नाही. दुकानात प्लॅस्टिकचा पांढरा मग दिसला की मी हात मागे घेतो. एखादी बाई कामावर आली नाही, तर तिच्या घरी फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

परवा साक्रीच्या बाजारात अक्का भेटल्या. मुलीकडे राहतात. वाळल्या आहेत. मला पाहून त्यांनी आधी बायकांची चौकशी केली. "बठ्ठ्या बऱ्या शेतस ना?"

"बऱ्या आहेत."

मी खाली बघत उभा होतो. त्यांना वाटलं, त्यांचं काम गेल्याचं मला वाईट वाटतंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुमी तं लिखेल व्हतं, भाऊ. त्यासनी आयकं नही, त्याले तुमी काय कराल?"

मी म्हणालो, "हो ना, अक्का."