अकरा आटे

पाणीपुरवठा कचेरीत टेबल नंबर तीनवर बसणाऱ्या बाईंना नावाने हाक मारलेली कोणाला आठवत नव्हती. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना 'तीन नंबर' म्हणत. तीन नंबरचं टेबल म्हणजे तक्रारीचं. समोर लाकडी बाक, डोक्यावर पंखा, त्याचा वारा फक्त फायलींना लागायचा, आणि टेबलावर लांबोडकी तक्रारवही. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नियम चिकटवलेला होता: तक्रार तक्रारदाराच्याच शब्दांत उतरवावी, लिहिणाऱ्याने आपला शब्द घालू नये. बाईंनी अठरा वर्षं तो पाळला. कोणी म्हणालं, 'तुमचं खातं झोपलंय', की त्या मुकाट्याने तसंच लिहीत. कोणी शिवी दिली, तर तेवढी जागा मोकळी सोडत. पाणी का येत नाही हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असे. पण ते त्यांना कोणी विचारत नव्हतं, आणि लिहायला वहीत रकानाही नव्हता.

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या नवऱ्याला सगळे 'अध्यक्ष' म्हणत. तो कशाचाही अध्यक्ष नव्हता. जन्मभर कापडाच्या दुकानात मीटर धरून उभा राहिला होता, आणि आता निवृत्त होऊन खिडकीतल्या खुर्चीत मोबाइल धरून बसला होता. 'आपलं शहर, आपला आवाज' नावाचा एक ग्रुप होता. सोळा हजार माणसं त्यात होती, आणि त्या सोळा हजारांना सरकार कसं चालवावं आणि धर्म कसा पाळावा हे शिकवायचं काम अध्यक्षांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. तो दुसऱ्या पक्षाचा. दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण ग्रुपवर दिवसातून दहा वेळा भांडत. इकडून काही झणझणीत गेलं की वरून जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज येई. मग अध्यक्ष समाधानाने म्हणत, "पोचलं!"

बाईंनी मध्ये तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं होतं. "तुला त्यातलं काय कळतं? तू आपलं पाण्याचं बघ."

मग बाईंनी पाण्याचंच बघितलं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याच ग्रुपवर 'तहानलेला' नावाने खातं उघडलं. फोटो म्हणून घरच्या न्हाणीतला कोरडा नळ टाकला आणि चार ओळी लिहिल्या: 'टाकीवरचा पंप बदलल्याचं फळ्यावर लिहिलंय. पंप अजून खोक्यात आहे. खोकं कचेरीच्या जिन्याखाली आहे. त्यावर बसून शिपाई डबा खातो.'

आठव्या दिवशी पंप खोक्यातून बाहेर आला. दोन हजार लोकांनी अंगठे उंचावले. अध्यक्षांनी ते चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात लिहिणं! फापटपसारा नाही. एखादा निवृत्त इंजिनिअर असणार बघ. पुरुषासारखा पुरुष आहे."

"असेल," बाई म्हणाल्या आणि चहा गाळायला आत गेल्या. तिथे पदर तोंडावर दाबून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. अठरा वर्षांत इतका आनंद त्यांना कशानेच झाला नव्हता. पुढे वर्षभर तहानलेला लिहीत राहिला आणि अध्यक्ष त्याची पारायणं करत राहिले.

त्या आनंदानेच पुढे घात केला.

कचेरीत रोज सकाळी दहा वाजता चावीवाला येई. खांद्याइतकी उंच लोखंडी चावी घेऊन तो शहरभर फिरायचा आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचा. चौकाच्या एका अंगाला डावी वस्ती, दुसऱ्या अंगाला उजवी; बाईंचं घर डाव्या वस्तीत. चावी बाईंच्या मागच्या भिंतीला टेकवून तो हजेरीवर सही करायचा आणि त्यांच्याच चहातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचा. शब्द मोजून बोलणारा माणूस. त्या दिवशी बशीवर फुंकर मारत म्हणाला, "ताई, तुमच्या डाव्या वस्तीला पाणी पुरत नाही ना? कसं पुरेल? व्हॉल्व्ह बावीस आट्यांचा, बावीस वेळा चावी फिरवली की पुरा उघडतो. मी अकराच सोडतो."

"का हो?"

"जुन्या पाइपाचा जोड कुजलाय. साहेब म्हणाले, अकराच्या वर गेलास तर फुटेल. तोंडी म्हणाले. लेखी मागितलं तर म्हणतात, तुला वाचता येतं का?" तो हसला. "हे आपलं तुम्हालाच सांगितलं."

जोड बदलायची फाइल तीन वर्षं साहेबांच्या कपाटात पडली होती. ती तिथे आहे हे दोघांनाच माहीत होतं, साहेबांना आणि ती ठेवणाऱ्या बाईंना.

दुपारी तहानलेल्याने लिहिलं: 'डाव्या वस्तीचा व्हॉल्व्ह बावीस आट्यांचा. उघडतात अकरा. उजव्या वस्तीचे मात्र बावीसच्या बावीस. का?'

पाचवं वाक्य बाईंनी लिहिलं होतं. 'जोड कुजला आहे आणि फाइल साहेबांच्या कपाटात आहे.' मग त्यांना वाटलं, फाइलचं नाव काढलं की साहेब सरळ आपल्याच टेबलापाशी येतील. त्यांनी ते वाक्य पुसलं. बाकीचं लोक विचारतील, साहेबांना उत्तर द्यावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता. स्वतःला जपायला एक वाक्य गाळलं, एवढंच. पण रिकामी जागा दिसली की सोळा हजार माणसं ती मोकळी थोडीच सोडतात!

संध्याकाळपर्यंत साहेबांना कोणीच काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी एकच विचारलं, 'आटे फिरवतो कोण?' डाव्या वस्तीचा देव वेगळा, उजव्या वस्तीचा वेगळा, आणि चावीवाला राहायचा उजव्या वस्तीत. झालं! पाण्याचा धर्म ठरला. एकाने लिहिलं, हे ठरवून चाललंय. दुसऱ्याने लिहिलं, आज पाणी तोडलं, उद्या काय तोडतील? चावीवाला व्हॉल्व्हवर वाकलाय असा फोटो कोणी तरी टाकला. गेली दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊही या एका बाबतीत एकमताचे झाले. अध्यक्षांनी लिहिलं, 'तहानलेल्याने डोळे उघडले', आणि वरून पाय आपटला नाही, अंगठा आला.

"तसं नसेल," बाई म्हणाल्या. "पाइपच खराब असेल."

"तुला काय माहीत? तहानलेल्याने पाइपाबद्दल एक अक्षर तरी काढलंय का?"

ते अक्षर बाईंनीच पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. लोक काय म्हणतात याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. कचेरीतली गोष्ट बाहेर गेलीच कशी, यावर ते लालबुंद झाले होते. "हा तहानलेला आपल्यातलाच आहे. मुख्य कार्यालयातून माणूस येतोय, तो एकेकाचा मोबाइल तपासेल. सापडला की घरी बसवीन." बाई तिथून उठल्या त्या थेट स्वच्छतागृहात गेल्या. कडी लावली आणि तहानलेला पुसून टाकला. वर्षभराचं लिखाण, कोरडा नळ, सगळं. मोबाइल तपासायला पुढे कोणी आलंच नाही.

बाहेर आल्या तर भिंतीला चावी टेकलेली आणि चावीवाला बाकावर बसलेला. चहा समोर होता, त्याने बशी घेतली नाही.

"मुलीने वाचून दाखवलं," तो हळू आवाजात म्हणाला. "ताई, अकरा आटे मी एकट्या तुम्हालाच सांगितले होते."

बाईंची मान खाली गेली.

"साहेबांनी मघाशी विचारलं, कोणाला सांगितलं होतंस? मी म्हटलं, कोणाला नाही." तो उठला. "तुमचं नाव घेऊन माझं काय भलं होणार?"

त्याने बाईंना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागवायला तरी मोकळ्या झाल्या असत्या. त्याऐवजी त्याने उपकार करून ठेवला आणि चावी उचलून कामाला निघून गेला.

चार दिवसांनी फळ्यावर हुकूम लागला. 'जनभावना लक्षात घेता' चावीवाल्याची बदली तीस मैलांवरच्या पंपघरात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि या फाशीचा दोर आपणच वळला हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

त्या सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, तहानलेला मी आहे."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि हसले. "तीन नंबर, अहो, तुम्ही? तुम्ही तर रजेचा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेता." हे खरं होतं; साहेबांपुढे स्वतःचे शब्द मांडायची बाईंना सवयच नव्हती. "तुमचं मन मोठं आहे, पण असं दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नये. बरं, दाखवा ते खातं."

"पुसलं."

"बघा!" साहेब म्हणाले आणि पुढची फाइल ओढली. तीन वर्षांपूर्वीची फाइल कपाटात आहे, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. "कसली फाइल?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कपाट खरोखरच रिकामं होतं.

घरी येऊन बाईंनी ग्रुपवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसह सगळं लिहिलं. पंपाचं खोकं, कुजलेला जोड, तोंडी हुकूम, गाळलेलं वाक्य. एकही शब्द झाकला नाही. मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. आता काय व्हायचं ते होवो, एकदाचं खरं तर बाहेर पडलं, असं त्यांना वाटलं.

पहिलं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'कचेरीने बाईमाणसाला पुढे केलं.' दुसरं: 'तहानलेल्याला गायब करून त्याच्या जागी ही कोण बसवली?' तिसरं: 'किती मिळाले?' कोणी तरी दोघांचं लिखाण शेजारी शेजारी लावून सिद्ध केलं की ही भाषा तहानलेल्याची असूच शकत नाही. तो पुरुषी लिहितो.

अध्यक्ष मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझं नाक कापायचंच ठरवलंयस का? तू तहानलेला? त्या माणसाच्या एका ओळीची तरी सर आहे का तुला?"

"पंपाची पोस्ट तुम्ही वाचून दाखवलीत ना, त्या दिवशी मी आत येऊन हसत होते."

"का हसत होतीस?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात अध्यक्षांनी पहिल्यांदाच बायकोला काही विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायच्या आत ते मोबाइलकडे बघायला लागले होते. वरून जोरात पाय आपटला. "बघ!" अध्यक्ष म्हणाले. "वहिनीला आवरा म्हणून लिहिलंय त्याने. सगळ्यांसमोर!"

नवा चावीवाला सोमवारी आला. डाव्या वस्तीतलाच, सगळ्यांच्या पसंतीचा. व्हॉल्व्हभोवती शंभरेक माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. तो कचेरीतून निघायच्या आधी बाईंनी त्याला दोनदा सांगितलं होतं, अकराच्या वर जाऊ नकोस. तो अकरावर थबकला. लोक मोठ्याने आटे मोजत होते. तो काय करणार बापडा? बारा, तेरा, चौदा, असं करत बाविसाव्या आट्याला टाळ्या पडल्या. पुढच्या दहा मिनिटांत चौकातला रस्ता फुगला आणि फुटला. जमिनीतून गढूळ पाणी वर उसळलं आणि डाव्या वस्तीचा थेंबन्‌थेंब गटारात गेला.

दुपारी ग्रुपवर तहानलेला परत आला. तेच नाव, तोच कोरड्या नळाचा फोटो, कोणी तरी जपून ठेवलेला; लिहिणारा मात्र दुसराच. त्याने लिहिलं: 'जुन्या चावीवाल्याने जाताना जोड ढिला केला. तो कुठे राहतो ते सगळ्यांना माहीत आहे.' खाली गल्लीचं नाव होतं आणि घराचा रंग होता.

बाई तशाच उठून उजव्या वस्तीत गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारीण खिडकीतूनच म्हणाली, "सकाळीच गेले सगळे. मुलीची परीक्षा राहिली." मग तिने बाईंना नीट न्याहाळलं. "तुम्ही तीन नंबरच्या ताई ना? ते म्हणाले होते, त्या येतील. त्यांना सांगा म्हणाले, तुम्ही लिहिलं होतं त्यात खोटं काही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी टेबल नंबर तीनसमोर रांग जिन्यापर्यंत गेली. वस्तीत पाण्याचा टिपूस नव्हता. बाई एकेकाची तक्रार उतरवत होत्या. प्रत्येकाची तक्रार एकच होती, शब्दही तेच. बाराव्या नंबरला अध्यक्ष उभे होते. कचेरीत ते पहिल्यांदाच आले होते. बायको समोर बसलेली बघून जरा अवघडले, मग घसा साफ केला.

"लिही. जुन्या चावीवाल्याने जाताना मुद्दाम जोड ढिला केला, त्यामुळे आमची वस्ती तहानेने मरते आहे."

बाईंचं पेन वहीवर थांबलं. मागचे लोक चुळबुळायला लागले. "अहो, घ्या ना लिहून!" कोणी तरी ओरडलं. अध्यक्षांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "नियम आहे ना तुमचा? माझे शब्द लिही."

बाईंनी लिहिलं. अठरा वर्षांच्या सवयीचं अक्षर, एकही काना इकडचा तिकडे नाही.

"आणि खाली लिही," अध्यक्ष म्हणाले, "तहानलेल्याने विचारलेलाच प्रश्न आम्ही विचारतो: का?"

बाईंनी तेही लिहिलं.

"सही कुठे करू?" त्यांनी विचारलं.

बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली.